डेबी रेनॉल्ड्स : हॉलिवूडचा कपडेपट सांभाळणारी अभिनेत्री

रानजाई

१९७० सालच्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटी येथे एमजीएम स्टुडिओच्या कोठारांतले सामान लिलावात निघाले. स्टुडिओची मालकी कर्क कर्कोरियन यांच्याकडे गेली होती, नव्या व्यवस्थापनाला रोकड हवी होती, आणि कित्येक दशकांत साठलेले पोशाख, फर्निचर, तलवारी आणि बग्ग्या यांना त्यांच्या लेखी अडगळीपलीकडे किंमत नव्हती. डेव्हिड वाइझ नावाच्या लिलावदाराने सुमारे १५ लाख डॉलर मोजून ते सारे एकगठ्ठा घेतले आणि मग एकेक वस्तू बोलीवर चढवली. ‘विझार्ड ऑफ ऑझ’मधले ज्युडी गार्लंडचे लाल चमकते बूट १५ हजार डॉलरना गेले. बोली लावणाऱ्यांत एक ३८ वर्षांची अभिनेत्री होती, जी ऐन तारुण्यात याच आवारात काम शिकली होती आणि जिने येथल्याच शाळेत शिक्षणही घेतले होते. डेबी रेनॉल्ड्स त्या लिलावातून शेकडो पोशाख घेऊन घरी गेली, आणि पुढची चाळीस वर्षे ते सांभाळण्यात तिची उमेद, प्रतिष्ठा आणि पैसा खर्च झाला.

तिच्याविषयी मराठीत जे थोडे वाचायला मिळते ते बहुधा ‘सिंगिंग इन द रेन’ची नायिका किंवा ‘स्टार वॉर्स’मधल्या कॅरी फिशरची आई एवढ्यावर थांबते. माझ्या मते तिची अभिनयाची कारकीर्द आणि तिचे जुन्या चित्रपटांवरचे प्रेम या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, म्हणून हा धागा.

तिचे जन्मनाव मेरी फ्रान्सिस रेनॉल्ड्स. जन्म १ एप्रिल १९३२ रोजी टेक्सासमधील एल पासो येथे झाला. वडील रेल्वेत सुतारकाम करीत, आई लोकांचे कपडे धुऊन संसाराला हातभार लावी, आणि घरात नाझरीन या ख्रिस्ती पंथाची कडक शिस्त होती. १९३९ मध्ये हे कुटुंब बरबँकला आले, जिथे वॉर्नर ब्रदर्सचा स्टुडिओ होता. १९४८ साली, सोळाव्या वर्षी, ती ‘मिस बरबँक’ स्पर्धेत उतरली ती भाग घेणाऱ्या मुलींना ब्लाउज आणि स्कार्फ फुकट मिळणार होता म्हणून, आणि तेथे तिने बेटी हटन या त्या काळच्या लोकप्रिय अभिनेत्रीची नक्कल करून दाखवली. नटी होण्याआधी ती पडद्यासमोर बसणारी मुलगी होती, दुसऱ्या नटीचे हावभाव तिने मन लावून टिपले होते, आणि त्याच जोरावर ती स्पर्धा जिंकली. वॉर्नरने तिला करारबद्ध केले, ‘डेबी’ हे नाव जॅक वॉर्नर यांनी दिले, आणि लवकरच ती एमजीएममध्ये आली.

‘सिंगिंग इन द रेन’ १९५२ साली प्रदर्शित झाला. चित्रीकरणाच्या वेळी ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती आणि तिला नृत्याचे शिक्षण नव्हते. जीन केली आणि डोनल्ड ओकॉनर या दोन पट्टीच्या नर्तकांच्या पावलाला पाऊल लावणे तिला काही महिन्यांत शिकावे लागले. केली शिकवताना अतिशय कठोर असत. एकदा ती पियानोखाली बसून रडत असताना फ्रेड अस्टेअर यांनी तिला पाहिले आणि आपल्या तालमीला येऊन बसायला सांगितले. अस्टेअर यांच्यासारखा नर्तकही घामाघूम होतो, चुकतो, संतापतो आणि पुन्हा सुरुवात करतो, हे तिने तेथे डोळ्यांनी पाहिले. ‘गुड मॉर्निंग’ हे गाणे चित्रित करताना सुमारे पंधरा तास काम चालले आणि अखेरीस तिच्या पायांतून रक्त येत होते. हा चित्रपट आणि बाळंतपण या आपल्या आयुष्यातल्या सर्वांत कठीण गोष्टी होत्या, असे ती पुढे सांगत असे.

त्यानंतर १९५७ चा ‘टॅमी अँड द बॅचलर’ आणि त्यातले अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले गाणे, १९६२ चा ‘हाऊ द वेस्ट वॉज वन’, १९६४ च्या ‘द अनसिंकेबल मॉली ब्राऊन’साठी ऑस्करचे नामांकन, १९७३ मध्ये ब्रॉडवेवरच्या ‘आयरीन’साठी टोनी या नाट्यपुरस्काराचे नामांकन, अशी तिची वाटचाल आहे. गायक एडी फिशर यांच्याशी झालेले लग्न आणि १९५९ मधला घटस्फोट यांवर भरपूर लिहिले गेले आहे, त्यामुळे ते येथे नको. दुसऱ्या लग्नाचा उल्लेख मात्र करावाच लागेल, कारण त्याचा संग्रहाशी संबंध आहे. पादत्राणांचे व्यापारी हॅरी कार्ल यांनी जुगारात स्वतःची आणि तिची संपत्ती घालवली. १९७३ मध्ये ती वेगळी झाली तेव्हा डोक्यावर कर्ज होते, आणि ते फेडण्यासाठी ती वर्षानुवर्षे गावोगाव आणि नाइट क्लबांत कार्यक्रम करीत राहिली. म्हणजे ज्या काळात ती दुसऱ्या नट्यांचे झगे विकत घेत होती, त्याच काळात तिचे स्वतःचे घर आतून पोखरले जात होते.

माझे मामा एका हौशी नाटक मंडळीचा कपडेपट सांभाळत. प्रयोग संपला की सगळे निघून जात आणि मामा अंगरखे उलटे करून वाऱ्यावर टाकत बसत. त्यामुळे डेबीची गोष्ट प्रथम वाचली तेव्हा ती मला एखाद्या श्रीमंत बाईच्या छंदाची वाटली नाही. पोशाखात किती माणसांचे श्रम असतात आणि तो अंगावर घालून काम करताना शरीराचे काय होते, हे ठाऊक असलेल्या बाईने केलेली ती राखण होती, असे मला वाटते.

तिला संग्रहालय उभारायचे होते. १९९२ मध्ये तिने आणि तिच्या तिसऱ्या पतीने लास व्हेगासमध्ये एक हॉटेल घेतले, आणि १९९५ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले. १९९७ मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली आणि पुढच्या वर्षी ती वास्तू एका कुस्ती कंपनीने घेतली. मग हॉलिवूडमध्ये संग्रहालयाची योजना झाली, तीही पैशाअभावी फसली, आणि टेनेसीतल्या पिजन फोर्ज येथेही काही उभे राहिले नाही. ऑस्कर देणाऱ्या अकादमीकडे तिने संग्रहाचा विषय पुन्हा पुन्हा नेला, पण प्रतिसाद मिळाला नाही. अखेर १८ जून २०११ रोजी बेव्हरली हिल्समध्ये लिलाव झाला. मेरिलिन मन्रोचा वाऱ्यावर उडणारा तो प्रसिद्ध झगा ४६ लाख डॉलरना गेला, आणि ‘माय फेअर लेडी’तला ऑड्री हेपबर्नचा शर्यतीच्या प्रसंगातला पोशाख ३७ लाखांना. दलाली वेगळी. त्या एका दिवसाची उलाढाल दोन कोटी डॉलरच्या वर होती. एवढ्या किमती मिळूनही ती दुःखी होती, कारण तिला हे सगळे एकत्र ठेवायचे होते.

या अभिनेत्रीचे चित्रपट आणि हा संग्रह यांविषयी आपल्याला काय वाटते, ते जरूर लिहावे.

खिडकीतला_प्रेक्षक

रानजाई, धागा मनापासून आवडला. ‘सिंगिंग इन द रेन’विषयी दोन गोष्टी जोडतो, कारण त्या तुमच्या मुद्द्याला धरूनच आहेत.

पहिली गोष्ट आवाजाची आहे. मूकपट संपून बोलपट सुरू झाले तेव्हाच्या धांदलीवर हा चित्रपट बेतलेला आहे, आणि त्यात डेबीने रंगवलेली कॅथी ही कर्कश आवाजाच्या लीना लॅमॉन्ट या तारकेला पडद्याआडून आपला आवाज देते. प्रत्यक्षात घडले ते गमतीदार होते. कॅथी लीनासाठी संवाद बोलते असे जेथे दाखवले आहे, तेथे ऐकू येणारा सुसंस्कृत आवाज लीनाची भूमिका करणाऱ्या जीन हेगन यांचा स्वतःचाच आहे, आणि ‘वुड यू’ हे गाणे डेबीने गायलेले नसून बेटी नॉयेस या पार्श्वगायिकेचे आहे. म्हणजे पडद्याआडच्या अनामिक गायिकेला श्रेय मिळवून देणाऱ्या या चित्रपटातच एक पार्श्वगायिका पडद्याआड राहिली, आणि श्रेयनामावलीत तिचे नाव आले नाही. ज्यांचे नाव कोठेच येत नाही अशा माणसांच्या श्रमांवर हा उद्योग चालतो, हे डेबीला विसाव्या वर्षीच कळले असणार.

दुसरी गोष्ट अधिक चटका लावणारी आहे. या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह पुढे आगीत नष्ट झाली. आज आपण जी स्वच्छ, झगझगीत प्रत पाहतो ती इतर साधनांवरून सिद्ध केलेली आहे. १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत पहिल्याच यादीत ज्याचे नाव आले, त्या चित्रपटाची ही अवस्था आहे. वॉल्टर प्लंकेट यांनी या चित्रपटासाठी १९२० च्या दशकाचा बारकाईने अभ्यास करून पोशाख केले होते. निगेटिव्ह जळू शकते, तर कापडाची काय कथा? स्टुडिओ आपल्या वस्तू स्वतः सांभाळतील या भरवशावर डेबी राहिली नाही, हे तिचे मोठेपण आहे.

मोरपीस

लेख चांगला आहे, तरी दोन शंका मांडते.

डेबी रेनॉल्ड्स यांच्याबद्दल आदर ठेवूनही मला त्या पहिल्या फळीतल्या अभिनेत्री वाटत नाहीत. शेजारच्या घरातली हसरी, नाचरी मुलगी हीच प्रतिमा त्यांनी आयुष्यभर वापरली, आणि ‘टॅमी’सारखे चित्रपट आज पाहवत नाहीत. त्यांची संग्राहक म्हणून असलेली थोरवी त्यांच्या अभिनयाकडे उधार देऊ नये.

दुसरे असे की संग्रह जमवणे आणि संस्था उभारणे ही दोन वेगळी कामे आहेत. हॉटेल आणि संग्रहालय एकमेकांना बांधण्याचा निर्णय धोक्याचा होता. जुगाराच्या शहरात, जेथे माणसे पोशाख पाहायला येत नाहीत, तेथे संग्रहालय काढले की ते खोलीभाड्याच्या उत्पन्नावर अवलंबून राहणार. सुरुवातीलाच विश्वस्त निधी करून एखाद्या विद्यापीठाकडे हा संग्रह सोपवला असता, तर २०११ चा लिलाव टळला असता, असे मला वाटते. प्रेम खरे होते याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण त्या प्रेमानेच त्यांना संग्रह हातातून सोडू दिला नाही, आणि शेवटी तो तुकड्यातुकड्यांनी गेला.

रानजाई

मोरपीस, दोन्ही मुद्दे विचार करायला लावणारे आहेत.

अभिनयाबद्दल मी आपणाला १९५६ चा ‘द केटर्ड अफेअर’ पाहण्याची विनंती करीन. न्यूयॉर्कमधल्या टॅक्सीचालकाच्या घरातले लग्न, मोठा समारंभ करण्याचा आईचा हट्ट, आणि साधेपणाने लग्न करून मोकळी होऊ पाहणारी मुलगी, एवढीच त्याची गोष्ट आहे. आईच्या भूमिकेत बेट डेव्हिस आहेत. त्यांच्यासमोर नवख्या नटीने आवाज चढवण्याचा मोह सहज झाला असता, पण डेबी त्या स्वयंपाकघरातल्या प्रसंगांत इतकी शांत आणि आखडलेली आहे की घरातली पैशाची तंगी तिच्या खांद्यांवरून दिसते. त्या भूमिकेसाठी तिला नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यूचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडच्या प्रेक्षकाला तर हा चित्रपट फारच जवळचा वाटेल, कारण लग्नाच्या खर्चावरून होणारी अशी भांडणे आपण घराघरांत ऐकलेली आहेत. ‘मॉली ब्राऊन’मध्ये ती अगदी उलट टोकाला जाते, आरडाओरडा करते, धडपडते, अंगावर धूळ घेते, आणि टायटॅनिकमधून वाचलेल्या त्या खऱ्याखुऱ्या बाईचा दांडगेपणा शेवटपर्यंत सोडत नाही. १९९६ च्या ‘मदर’मध्ये अल्बर्ट ब्रुक्स यांच्यासमोर ती पुन्हा वेगळीच आहे. मुलगा तक्रारींचा पाढा वाचत असताना ही आई शीतपेटीतले जुने आइस्क्रीम त्याच्यापुढे ठेवते, आणि आपले काही चुकते आहे याची पुसटशी जाणीवही चेहऱ्यावर येऊ देत नाही.

संस्था उभारण्यात ती कमी पडली हे मला मान्य आहे. परंतु विद्यापीठाकडे किंवा अन्य संस्थेकडे सोपवायचे म्हटले तरी घेणारा हवा. १९७० च्या सुमारास चित्रपटातला पोशाख ही जपण्याजोगी गोष्ट आहे असे मानणारी माणसे फार थोडी होती. गार्लंडच्या बुटांचीच एक जोडी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात १९७९ मध्ये आली, म्हणजे तो विचार रुजायला त्या लिलावानंतर नऊ वर्षे जावी लागली. डेबीच्या चुका या तिने सर्वांआधी सुरुवात केल्याच्या चुका होत्या, असे मी म्हणेन.

धागादोरा

मी वस्त्रांच्या जतनाचे काम करते. माझ्याकडे येतात ते प्रामुख्याने जुने शालू, अंगरखे आणि जरीचे पडदे, पण चित्रपटातल्या पोशाखाचे दुखणे त्यांहून फार वेगळे नसते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

चित्रपटाचा पोशाख टिकण्यासाठी शिवलेला नसतो. तो कॅमेऱ्यासमोर काही दिवस उभा राहावा एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. आतली शिवण घाईची असते, काही ठिकाणी गोंद लावलेला असतो, मणी आणि टिकल्या हलक्या दोऱ्यावर ओवलेल्या असतात. त्यावर प्रखर दिव्यांची उष्णता आणि नटीचा घाम. घामातले क्षार आणि आम्लता रेशमाला आतून खातात, आणि काखेतले कापड सर्वांत आधी विरते. मण्यांनी जड झालेला झगा खुंटीवर टांगला, तर काही वर्षांत तो स्वतःच्या वजनाने खांद्यावर फाटतो, म्हणून तो आडवा ठेवावा लागतो. घड्यांत आम्लरहित कागदाच्या गुंडाळ्या घालाव्या लागतात, आणि त्या घड्या अधूनमधून बदलाव्या लागतात. प्रदर्शनात अशा वस्त्रांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू देऊ नये असा आमच्याकडे संकेत आहे. म्हणूनच संग्रहालयातली वस्त्रांची दालने अंधारी असतात आणि लोक त्याबद्दल तक्रार करतात.

मन्रोचा तो झगा विल्यम ट्रॅव्हिला यांनी केला होता. कापड रेयॉनच्या जातीचे, आणि त्यावर उष्णतेने पक्क्या बसवलेल्या बारीक चुण्या आहेत. अशा चुण्या एकदा मोडल्या किंवा भिजल्या तर इस्त्रीने पूर्ववत होत नाहीत. त्या झग्याचा शुभ्रपणा काळाबरोबर जाऊन त्याला हस्तिदंती छटा आली, आणि तो पुन्हा पांढरा करण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही, हे योग्यच झाले. मला डेबी रेनॉल्ड्स यांचे विशेष वाटते ते एवढ्यासाठी की असे साडेतीन हजारांहून अधिक पोशाख त्यांच्याकडे होते असे सांगितले जाते. एका पोशाखाची देखभाल म्हणजे काय हे मी रोज पाहते. तीन हजार पोशाखांसाठी जागा, वातानुकूलन, विमा आणि माणसे यांचा दर महिन्याचा खर्च एका कलावंताने रंगमंचावर गाऊन, नाचून मिळवलेल्या पैशातून चाळीस वर्षे केला, याची कल्पना करून पाहावी. कर्ज होणारच.

मोरपीस यांना एक सांगावेसे वाटते. संस्था आली म्हणजे वस्त्र सुरक्षित झाले असे होत नाही. योग्य माणसाच्या कपाटातले वस्त्र दुर्लक्षित कोठारातल्या वस्त्रापेक्षा अधिक काळ टिकते.

पश्चिमवारा

मी लॉस एंजलिसमध्ये अनेक वर्षे राहतो. अकादमीचे चित्रपट संग्रहालय ३० सप्टेंबर २०२१ रोजी येथील विल्शर बुलेव्हार्डवर सुरू झाले. जुन्या मे कंपनीच्या दुकानाची इमारत आणि तिच्यामागे वास्तुरचनाकार रेन्झो पियानो यांनी रचलेला काँक्रीट आणि काचेचा मोठा गोल, असे त्याचे रूप आहे. रानजाईंनी लिहिलेल्या हकिकतीचा पुढचा भाग तेथे आहे. ज्या संस्थेकडे डेबी रेनॉल्ड्स संग्रहाचा विषय पुन्हा पुन्हा घेऊन गेल्या, त्याच संस्थेच्या संग्रहालयात वस्तूंचे जतन करणाऱ्या विभागाला आता ‘डेबी रेनॉल्ड्स कॉन्झर्व्हेशन स्टुडिओ’ असे नाव आहे, आणि त्यांचे पुत्र टॉड फिशर यांचे त्या संग्रहालयाला सहकार्य लाभले आहे.

मी आईला घेऊन तेथे गेलो होतो. आई ८१ वर्षांची आहे, इंग्रजी चित्रपट तिने फारसे पाहिलेले नाहीत. गार्लंडच्या लाल बुटांसमोर ती बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, “अरे, टिकल्या एकेक करून शिवल्या आहेत, कोणी शिवल्या असतील?” त्या दालनातल्या पाटीवर शिवणारणींची नावे नव्हती. धागादोरा यांचा प्रतिसाद वाचताना मला आईचे तेच वाक्य आठवले.

डेबी रेनॉल्ड्स यांना अकादमीने २०१५ मध्ये जीन हरशोल्ट मानवसेवा पुरस्कार दिला, तो मात्र संग्रहासाठी नव्हता. मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या ‘थेलियन्स’ या कलावंतांच्या संस्थेसाठी त्यांनी १९५५ पासून जे काम केले त्यासाठी होता. प्रकृती बरी नसल्याने त्या समारंभाला जाऊ शकल्या नाहीत. संग्रहाची पावती त्यांना हयातीत मिळाली नाही, आणि मला हे अजूनही खटकते.

सह्याद्रीकर

आग आणि कपडेपट या दोन्ही गोष्टी वाचून आपल्याकडची आठवण अपरिहार्यपणे येते. पुण्यात पी. के. नायर यांनी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी आयुष्य वेचले, आणि तरीही २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मवरची कित्येक जुनी रिळे खाक झाली. २०१७ मध्ये चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला आग लागली तेव्हा राज कपूर यांच्या चित्रपटांतले पोशाख आणि वस्तू जळाल्या. नायर यांनी फिल्म वाचवली, पण आपल्या चित्रपटांतले पोशाख, दागिने आणि टोप वाचवण्याचे काम अशा झपाट्याने करणारी अभिनेत्री आपल्याला लाभली नाही. प्रभातच्या संतपटांतले अंगरखे आज पाहायला मिळाले असते, तर त्या काळच्या कोल्हापूर-पुण्याच्या शिंप्यांच्या हाताविषयी आपल्याला पुष्कळ कळले असते. एवढे बोलून मूळ विषयाकडे परत वळतो आणि इतरांचे वाचतो.

मोरपीस

‘द केटर्ड अफेअर’ काल रात्री पाहिला. रानजाई, अभिनयाबद्दलचे माझे विधान मी मागे घेते. लग्नाचा समारंभ नको असे मुलगी आईला सांगते तो प्रसंग मी दोनदा पाहिला.

धागादोरा यांचे म्हणणेही पटले, परंतु एका मुद्द्यावर मी ठाम आहे. २०११ च्या त्या लिलावात गार्लंडने ‘विझार्ड ऑफ ऑझ’च्या चाचणी-चित्रीकरणासाठी घातलेला निळा पोशाख ९ लाख १० हजार डॉलरना गेला, चाचणीचेच, चित्रपटात न वापरलेले अरबी धाटणीचे लाल बूट ५ लाख १० हजारांना गेले. चॅप्लिन यांची टोपी, ‘साउंड ऑफ म्युझिक’मधली ज्युली अँड्र्यूज यांची गिटार, हेही विकले गेले. यांतले पुष्कळसे आता खाजगी मालकीचे आहे आणि सामान्य माणसाच्या दृष्टीआड आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गार्लंडच्या बुटांच्या दुसऱ्या एका जोडीला २ कोटी ८० लाख डॉलरची बोली लागली. किंमत अशी वाढली की कोणतेही संग्रहालय त्या शर्यतीत उतरू शकत नाही. रेनॉल्ड्स यांनी या वस्तूंना प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि त्या प्रतिष्ठेनेच त्या वस्तू त्यांच्या स्वप्नातल्या संग्रहालयापासून दूर गेल्या. यात त्यांचा दोष आहे असे मी म्हणत नाही, पण हे घडले आहे.

अनुस्वार

मी या चर्चेतला वयाने लहान सभासद असेन. मला या अभिनेत्रीचा परिचय आधी आवाजाने झाला. १९७३ च्या ‘शार्लट्स वेब’ या कार्टूनपटातली कोळीण शार्लट ही डेबी रेनॉल्ड्स आहे, आणि लहानपणी शाळेत तो पाहताना शेवटी आम्ही सगळे रडलो होतो. पुढे ‘विल अँड ग्रेस’ मालिकेत ग्रेसच्या आईच्या भूमिकेत त्या दिसल्या, आणि त्यानंतर मी मागे मागे जात ‘सिंगिंग इन द रेन’पर्यंत पोहोचलो.

या धाग्यात मायलेकींचा विषय अजून आलेला नाही. कॅरी फिशर यांनी आईशी असलेल्या अवघड नात्यावरून कादंबरी लिहिली, आणि तिच्यावरून १९९० चा ‘पोस्टकार्ड्स फ्रॉम द एज’ झाला. एके काळी आईशी बोलणे टाकलेली ही मुलगी पुढे आईच्या शेजारच्या घरात राहायला आली. ‘ब्राइट लाइट्स’ या माहितीपटात ती दोन घरे आणि त्यांच्यामधली वाट दिसते. त्यात रेनॉल्ड्स यांच्या शेवटच्या लिलावांपैकी एकाची तयारीही आहे. वस्तू बांधून बाहेर जात असताना त्या प्रत्येक पोशाख कोणी, कोणत्या चित्रपटात घातला हे सांगत राहतात. २०१५ च्या जानेवारीत अमेरिकन अभिनेत्यांच्या संघटनेचा जीवनगौरव त्यांना कॅरी यांच्याच हस्ते मिळाला. २७ डिसेंबर २०१६ रोजी कॅरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आई गेली.

रानजाई

अनुस्वार, हा भाग मी मुद्दाम टाळला होता, कारण तो लिहिताना मला त्रास होतो. आपण संयमाने लिहिलेत, आभार.

मोरपीस, किमतींबद्दल आपले म्हणणे खरे आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढेच म्हणेन की वस्तू नाहीशी होणे आणि ती दृष्टीआड असणे यांत फरक आहे. १९७० च्या त्या लिलावाआधी स्टुडिओतून पुष्कळ काही कचऱ्यात गेले होते. मन्रोचा झगा आज कोणाच्या तरी घरात असेल, पण तो आहे.

पश्चिमवारा, आपल्या आईंचा प्रश्न मला फार आवडला. धागादोरा, शिवणाऱ्यांची नावे शोधण्याचा काही मार्ग असतो का?

धागादोरा

रानजाई, बहुतेक वेळा नाव सापडत नाही, पण हात सापडतो. पोशाख समोर आला की मी आधी तो उलटा करून आतली बाजू पाहते. हॉलिवूडच्या स्टुडिओंतल्या पोशाखांना आत एक छोटी पट्टी शिवलेली असते, तिच्यावर नटीचे नाव आणि निर्मितीचा क्रमांक असतो. पुढे तोच पोशाख दुसऱ्या चित्रपटात, बहुधा गर्दीतल्या एखाद्या मुलीला द्यायचा झाला, की तो कंबरेत घट्ट किंवा सैल केला जाई, आणि पट्टीवरचे जुने नाव खोडून नवे लिहिले जाई किंवा तिच्याशेजारी दुसरी पट्टी लावली जाई. दोन्ही शिवणी नीट पाहिल्या तर टाक्यांची लांबी वेगळी दिसते, दोऱ्याचा पीळ वेगळा दिसतो, आणि एक बाई घाईत होती की सावकाश काम करीत होती हेही कळते. पोशाख धुऊन, दुरुस्त करून विकायला काढणारा माणूस पहिल्यांदा त्या जुन्या पट्ट्या आणि जुन्या शिवणी उसवतो. म्हणून जुना पोशाख ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो ज्या स्थितीत मिळाला त्याच स्थितीत ठेवावा. आपल्या मामांच्या कपडेपटातला एखादा अंगरखा अजून घरात असेल, तर त्याच्या गळ्याच्या आतल्या बाजूचे छायाचित्र येथे लावा. आपण पाहू.